फोनवर गेलेलं ‘हो’

माझं सामायिक सुटायचं होतं आणि समोरच्या फळीवर ठेवलेला फोन पुन्हा पुन्हा थरथरत होता. आवाज बंद होता, पण लाकडावर तो भुंग्यासारखा घुमत पुढं पुढं सरकत होता. दोन घटका एका जागी बसायचं, बोलायचं नाही, हलायचं नाही आणि मनात कुणाविषयी राग येऊ द्यायचा नाही, असं ते आम्हा जैनांचं रोजचं व्रत. बसणं, गप्प राहणं मला जन्मापासून जमतं. रागाचं तेवढं त्या दिवशी केदारनं अवघड करून ठेवलं होतं, कारण फोन त्याचाच असणार हे न बघताही कळत होतं.

शेवटी फोन फळीवरून खाली चटईच्या गुंडाळीवर पडला आणि तिथंही थरथरत राहिला. मी डोळे मिटूनच राहिले. वेळ झाली, हात जोडले, मग उचलला.

“ताई, कुठं होता?”

“सामायिकात.”

“घोळ झालाय. तुम्ही एका माणसाला बँड देतो म्हणून सांगितलंय.”

“मी?”

“म्हणजे तुम्ही नव्हे. पण तुम्हीच. या लवकर, ऐकवतो तुम्हाला.”

केदार सूर्यवंशी माझ्याहून बराच लहान, पण आमच्या दोघांच्या त्या छोट्या धंद्यातला अर्धा मालक. मिरजेत लक्ष्मी मार्केटच्या मागं एका जिन्यावर आमची खोली होती. दुकानदारांचे, दवाखान्यांचे फोन घेणारी बोलकी यंत्रं आम्ही तयार करून द्यायचो. आज त्यात कुणाला नवल वाटणार नाही. तेव्हा ती यंत्रं नुकती कुठं मराठी नीट बोलायला लागली होती आणि आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक होतं गुलशन बँड.

गुलशनचे दस्तगीर मास्तर आमच्याकडे आले तेच कपाळाला हात लावून. “बेटी, माझा धंदा असा आहे की ज्या दिवशी लोकांचे फोन येतात, त्याच दिवशी मी क्लॅरिनेट तोंडाला लावून रस्त्यावर उभा असतो. खिशात फोन बोंबलतोय आणि बाहेर पंचवीस जण बोंबलायलेत. कुणाचं ऐकू?”

यंत्राला आवाज कुठला द्यायचा यावर त्यांनी आमच्याकडचे सगळे तयार आवाज ऐकले आणि एकेक नाकारले. हा विमानतळावरचा, ही बातम्या देतीय, ही रागावलेली दिसतीय. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमचाच द्या की. आमच्या घरात जन्मभर दंगा. फोनवर तरी कुणीतरी हळू बोलू दे.”

मला ते पटलं नव्हतं, पण मास्तरांच्या बोलण्याला नाही म्हणवेना. दोन दुपारी बसून मी वाक्यं वाचून दिली आणि यंत्र माझ्या आवाजात बोलायला लागलं. इतकं की पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्यानं त्याला संध्याकाळी भाजी कुठली आणू म्हणून विचारलं.

नुसत्या बोलण्यानं काम होत नाही, हे मात्र समजून घ्यायला हवं. यंत्राला तोंड असतं, हात नसतात. हात आपण जोडून द्यायचे. आमच्या धंद्यात त्याला टूल म्हणतात. बँडच्या यंत्राला आम्ही तीन हात दिले होते. एक मास्तरांचं कॅलेंडर उघडून दिवस रिकामा आहे का ते बघायचा. दुसरा त्या दिवशी सुपारी लिहायचा. बँडवाल्यांकडे ठरलेल्या कामाला सुपारी म्हणतात. घरचा माणूस दुकानात येऊन पान-सुपारी आणि विसार ठेवायचा, तेव्हा काम पक्कं व्हायचं. आता फोनवरच ठरायचं, म्हणून तो हात. तिसरा हात टेम्पोवर बसवलेल्या जीपीएसच्या कंपनीला विचारायचा की बँड आत्ता कुठं आहे. लग्नघरची माणसं दर पाच मिनिटांनी तेच विचारत असतात.

मी पोचले तेव्हा केदारनं चहा समोर तसाच थंड करून ठेवला होता. त्यानं एका जुन्या फोनचं रेकॉर्डिंग सुरू केलं. साधारण आठवड्यापूर्वीचं.

“नमस्कार, गुलशन बँड. शुभकार्य कोणतं आहे?” माझा आवाज.

“नात झाली मला!” म्हातारा आवाज, मागं दवाखान्यातला गलका. “आत्ताच झाली बघा. मी सदाशिव कोष्टी, मंगळवार पेठेतनं. पोरीला घरी न्यायला बँड पाहिजे.”

“अभिनंदन, आजोबा! फार आनंदाची गोष्ट. कोणत्या तारखेला यायचं?”

“ते मी काय सांगू? शिजर झालंय. डॉक्टर सोडतील त्या दिवशी.”

“साधारण कोणती तारीख धरू?”

“अवो बाई, डॉक्टरला इचारलं तर म्हणतोय, बघू. ‘बघू’ ही काय तारीख असती व्हय? तुम्ही नुसतं हो म्हणा. माझी लेक झाली तवा बँड लावायचं लई मनात होतं माझ्या. आमचा म्हातारा म्हणाला, पोरीला कशाला बँड, आणि बर्फीसुद्धा वाटू दिली न्हाई. आता त्याच लेकीला पोरगी झालीय. आत जाऊन सांगतो तिला, तुझ्या पोरीला वाजतगाजत न्हेणार म्हणून. सांगू न्हवं?”

तेवढ्यात दवाखान्यात कुठलं तरी बाळ रडलं.

“हो आजोबा, सांगा. मास्तर नक्की येतील. काळजी करू नका.”

“देव भलं करो तुझं, बाई.”

केदारनं पडद्यावर बोट ठेवलं. बोलण्याच्या शेजारी यंत्रानं कुठला हात कधी हलवला याची नोंद असते. तिथं काहीच नव्हतं.

“सुपारी लिहायच्या टूलला तारीख लागतेच,” तो म्हणाला. “आपणच सक्तीची ठेवलीय. म्हाताऱ्याकडं तारीख नाही, म्हणून टूल चाललं नाही. आणि मास्तरांनी आपल्याला बजावलेलं, वडीलधाऱ्या माणसाला नाराज करायचं नाही, ते आपण यंत्राला सांगितलेलं. मग त्यानं काय केलं? गोड बोलून हो म्हणून टाकलं.”

“आणि आज?”

“आज डॉक्टरांनी सोडलं. म्हाताऱ्यानं सकाळी सातला फोन केला, साडेअकराला या म्हणून. या खेपेला तारीख होती, त्यामुळं यंत्रानं कॅलेंडर बघितलं आणि सांगितलं, क्षमा करा, तुमची सुपारी दिसत नाही, मास्तर आज दुसऱ्या कामावर आहेत.” केदारनं डोकं खाजवलं. “त्याच गोड आवाजात. मग त्यानं गुलशनच्या दुकानाच्या पाटीवर तक्रारीसाठी लिहिलेला आपला नंबर फिरवला. मला म्हणाला, तुमच्या बाईला द्या. ती तसली न्हाई वाटली मला.”

मी पुन्हा एकदा तो फोन ऐकला. ‘हो आजोबा, सांगा.’ ते वाक्य मी कधीच वाचून दिलं नव्हतं. यंत्रानं माझ्या आवाजाचे कण जुळवून ते आपलं आपण बनवलं होतं. पण ‘हो’ म्हणताना शेवटी श्वास सोडायची लकब माझी, माझ्या आईची.

“दुसरा बँड बघ.”

“सगळे बघितले. सांगली, जयसिंगपूर, कुपवाड. आज तिथी अशी आहे की पिपाणी वाजवणारासुद्धा मोकळा नाही.” मग जरा चाचरत म्हणाला, “ताई, आपण जाऊन माफी मागू. यंत्र चुकलं म्हणू. खरंच तर आहे ते.”

“मास्तर कुठं आहेत?”

“फोन लावला तर यंत्रच उचलतंय की त्यांचा!”

मग मीच यंत्राला फोन लावला.

“नमस्कार, गुलशन बँड. शुभकार्य कोणतं आहे?” मी मला विचारलं.

“बँड आत्ता कुठे आहे?”

“एक क्षण हं ताई, बघते.” पडद्यावर एक ओळ उजळली. हात हलला, कंपनीला विचारून परत आला. “टेम्पो किल्ला भागात, मारुतीच्या देवळाजवळ उभा आहे.”

“बघा, विचारलं की कशी बरोबर सांगती,” केदार म्हणाला.

“हात दिलाय म्हणून सांगती. चल, गाडी काढ.”

“कुठं?”

मी चप्पल घालून जिना उतरायला लागले होते.

किल्ला भागात शिरल्यावर जीपीएसची गरज उरली नाही. ताशाचा आवाज भिंतींवर आदळून छातीत शिरत होता. परण्या निघालेला. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून देवाच्या पाया पडायला नेतात, तो परण्या. पुढं फेटे बांधलेली पोरं नाचत होती, मधे बँड, मागं पांढऱ्या घोड्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव. बँडच्या तोंडाला दस्तगीर मास्तर, लाल कोट, गाल फुगलेले, डोळे मिटलेले.

“मास्तर!” मी हाक मारली. ती माझी मलाच ऐकू आली नाही.

केदार ओरडला, तरी कुणी वळलं नाही. नाचणाऱ्या एका पोरानं मला वऱ्हाडातली समजून हाताला धरून आत ओढलं. दोन क्षण मी गुलालात त्या पोरांच्या मधे उभी. नेसलेली पांढरी सुती साडी गुलाबी झाली. घड्याळ बघायला हात वर केला तर पोरांना वाटलं मीही नाचायला लागले. त्यांनी शिट्ट्या मारल्या.

माझ्या घरात माझा आवाज स्वयंपाकघरातून माजघरापर्यंत पोचत नाही. शाळेत बाई मला कविता म्हणायला पुढं बोलवायच्या आणि मग स्वतःच माझ्या तोंडाशी कान आणायच्या. ती मी, मास्तरांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभी राहिले आणि पोटातून ओरडले, “थांबा!”

मास्तरांनी डोळे उघडले. क्लॅरिनेट खाली आली. ती खाली आली की सगळा बँड थांबतो, अशी त्यांची शिस्त. ताशा थांबला, ढोल थांबला, पोरं एक पाय वर घेऊन थांबली. किल्ला भागात इतकी शांतता झाली की घोड्यानं फुरफुर केलेलं सगळ्यांना ऐकू आलं.

“अगं बेटी, तू? काय झालं? कुणी गेलं काय?”

“नाही मास्तर. आलंय कुणीतरी.”

मी माझ्या नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं. ते ऐकायला नाचणारी पोरं जवळ सरकली, मग फेटेवाले सरकले, मग नवरदेवानंही घोड्यावरून वाकून कान दिला.

“पण कोष्टीबाबांची सुपारी मी घेतलीच नाही,” मास्तर म्हणाले.

“नाही घेतली. पण माझ्या आवाजात त्यांना हो गेलंय.”

मास्तरांनी क्लॅरिनेटचं तोंड रुमालानं पुसलं. “तुझ्या आवाजात गेलं, ते खरं. पण गेलं माझ्या दुकानाच्या फोनवरून.” मग त्यांनी नवरदेवाकडं बघितलं. “मालक, आजची सुपारी तुमची. तुम्ही म्हणाल तसं.”

नवरदेवाच्या आधी त्याचे काका पुढं आले. जाड मिशा, हातात मोठं घड्याळ. “हे काय चाललंय? बारा पंचावन्नचा मुहूर्त हाय! अहो बाई, त्या बाळाचं आणि तुमचं नातं काय?”

“नातं काही नाही.”

“मग?”

“मी खोटं न बोलण्याचं व्रत घेतलंय,” मी म्हणाले. “आमच्या जैन साध्वी माताजींच्या समोर, लग्नाआधी. अजून मोडलेलं नाही. आज साडेअकराला मोडेल.”

काकांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्या गुलाबी साडीकडं बघितलं.

“दवाखाना किती लांब आहे?” नवरदेवानं विचारलं.

“दोन गल्ल्या सोडून,” केदार म्हणाला. “तिथनं मंगळवार पेठ जवळच.”

“आणि लग्नाचा हॉल?”

“मंगळवार पेठेच्या पलीकडंच की!” घोड्याच्या शेजारी कलश घेऊन उभी असलेली करवली ओरडली. ती नवरदेवाची धाकटी बहीण, नाव शर्वरी, हे तिच्याच एका मैत्रिणीच्या हाकेवरून कळलं. “जा की दादा! आजच्या दिवशीसुद्धा दुसरीच मुलगी बघायला निघालास, हे वहिनीला मी सांगते.”

सगळे हसले. नवरदेव लाजला आणि लाजतच म्हणाला, “काका, देवाच्या पाया पडून झालंय. हॉलवर जायचंच आहे. वाटेत एक मुलगी बघून जाऊ.”

“घोडं येतंय का बघा मग त्या गल्लीत,” काका पुटपुटले. तो होकार होता.

दवाखान्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच रखवालदारानं दोन्ही हात पसरून आम्हाला अडवलं. “इथं वाजवायचं न्हाई! पाटी दिसत न्हाई काय?” शांतता पाळा, अशी मोठी पाटी होती. मास्तरांनी सगळ्यांना हातानंच थोपवलं. पंचवीस वाजवणारे, पन्नास वऱ्हाडी, एक घोडा, सगळे पाटीच्या अलीकडं उभे राहिले. घोड्याला पाटी वाचता येत नव्हती, तो दोन पावलं पुढं गेला. त्याला मागं घेतलं.

फाटकाशी एक रिक्षा उभी होती. तिच्या बाजूला स्वच्छ धुतलेला पांढरा शर्ट, टोपी घातलेला एक उंच म्हातारा आणि हातात टॉवेलाच्या गुंडाळ्या घेतलेली त्याची बायको. बायकोचा आवाज कोपऱ्यापर्यंत येत होता.

“फोनवरची बाई म्हणे! चेहरा बघितलाय काय तिचा? आख्ख्या गल्लीला सांगत सुटला, रांगोळ्या काढून बसल्यात बाया. आता काय सांगायचं? आमच्या ह्यांना एका बाईनं गोड बोलून फशिवलं?”

“मालन, गप बस की जरा. लेक ऐकंल आतनं.”

मी जवळ गेले. इतका वेळ मनात काय काय जुळवलं होतं, ते सगळं गेलं.

“आजोबा,” मी म्हणाले, “मास्तर आलेत.”

ते एकदम वळले. माझ्या तोंडाकडं नाही, जणू आवाजाकडं बघितल्यासारखं.

“हीच! मालन, हीच ती बाई.” त्यांनी माझ्याकडं बोट केलं. “तुम्हीच न्हवं, फोनवर?”

बाजूला केदार उभा होता. तो मान हलवून मला खुणावत होता, सांगा, यंत्र होतं म्हणून. मी दोन्ही बाजूंचा विचार केला. खोटं काही बोलायचं नव्हतं.

“बोललं ते यंत्र, आजोबा. आवाज माझा. म्हणून मी आले.”

त्यांना त्यातलं किती कळलं ते माहीत नाही. मालनकाकूंनी मात्र माझा दंड दोन बोटांनी चाचपून बघितला. “अगं बाई, हाडामासाची हाय की! आणि एवढी गुलालात कुठं लोळून आलीस?” मग कोपऱ्यावर त्यांची नजर गेली. लाल कोट, पितळी कर्णे, फेटे, पांढरा घोडा, घोड्यावर नवरदेव. “अवो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “तुम्ही बँड सांगितला व्हता का आख्खं लगीन?”

कोष्टीबाबांना घरात आण्णा म्हणतात, हे मला मागाहून कळलं. आण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि आत लेकीला आणायला गेले.

कागदपत्रांना थोडा वेळ लागत होता. केदार तेवढ्यात कट्ट्यावर बसून लॅपटॉप उघडून होता. “नवा हात जोडतोय, ताई. तारीख नसली तरी सुपारी लिहिता येईल, आणि लगेच मास्तरांना निरोप जाईल, की या माणसाला विचारा. आणि आधीच सांगायचं की मी यंत्र आहे.” बोटं चालवतच म्हणाला, “आणि हात हलल्याशिवाय तोंडानं हो म्हणायचं नाही.” आमची खोली पुढं मोठी झाली, माणसं वाढली, पण नव्या यंत्राला सांगायचं पहिलं वाक्य आजही तेच असतं.

लेक बाहेर आली. फिकट, हळू चालणारी, आण्णांच्या दंडाला धरून. तिच्या कुशीत टॉवेलात गुंडाळलेलं एवढंसं तोंड, गाढ झोपलेलं. बँड बघून ती थबकली आणि पहिल्यांदा जे बोलली ते असं, “आण्णा, ही उठंल. घाबरंल.”

आण्णांचा चेहरा उतरला. इतक्या दिवसांत ही गोष्ट त्यांच्या मनातच आली नव्हती. आमच्याही नाही. ते मास्तरांकडं बघायला लागले.

मास्तरांनी दोन बोटं ओठांवर ठेवली. वाजवणाऱ्यांना जवळ बोलावून कुजबुजले. ढोलवाल्यानं नवरदेवाकडं शेला मागितला. नवरदेवानं खांद्यावरचा जरीचा शेला काढून दिला, तो ढोलावर पसरला गेला. ताशावर काकांचं उपरणं गेलं. ट्रम्पेटवाल्यांनी आपल्या लाल टोप्या कर्ण्यांच्या तोंडात कोंबल्या. शर्वरीनं झांजा वाजवणाऱ्याच्या झांजा काढूनच घेतल्या.

आणि पाटीपासून पुरेसं लांब गेल्यावर गुलशन बँडनं पाळण्याची चाल धरली.

जन्मभर मिरजेत राहिले, पण बँड इतका हळू वाजताना मी कधी ऐकला नव्हता आणि पुढंही नाही. क्लॅरिनेट एकटीच स्पष्ट, बाकी सगळं तिच्यामागून चवड्यांवर चालल्यासारखं. ढोल म्हणजे शेल्याखाली कुणाचं तरी काळीज. नाचणारी पोरं नाचत होती, पण पाय न आपटता, हात वर करून, दात काढून. सगळ्यांत मोठा आवाज घोड्याच्या टापांचा होता. रोज दणदणाट ऐकून खिडक्या लावून घेणारी माणसं या हळू वाजण्यानं बाहेर आली, दारादारांत उभी राहिली आणि टाळ्या वाजवाव्यात की नाही हे न कळून हात जोडून उभी राहिली. केदार गाडी हातानं ढकलत माझ्या शेजारून चालत होता. गाडी सुरू करायचं त्याला धाडस होईना.

बाळ झोपलेलंच.

मंगळवार पेठेत आण्णांच्या दारापर्यंत रांगोळी होती. मालनकाकू पुढं धावल्या, भाकरतुकडा घेऊन आल्या, माय-लेकींवरून ओवाळून टाकला. मग तांब्यात बोटं बुडवून बाळाच्या डोळ्यांना पाणी लावलं.

पाणी गार असावं. त्या एवढ्याशा तोंडाचा आधी चंबू झाला, मग ते लाल झालं, आणि मग जे रडणं निघालं ते बँडच्या वर गेलं, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला गेलं, घोड्यानं कान टवकारले.

मास्तरांनी क्लॅरिनेट तोंडातून काढली. क्षणभर नुसतं ऐकलं. मग हसले आणि वळून ओरडले, “सूर दिला पोरीनं! काढा टोप्या, वाजवा रे!”

शेला उडाला, उपरणं उडालं, टोप्या कर्ण्यांतून निघून थेट डोक्यांवर बसल्या. गल्लीतल्या पत्र्यांना कंप सुटला. सगळ्यांत आधी नाचायला उतरले ते घड्याळवाले काका. त्यांनी आण्णांना ओढून घेतलं. नवरदेव खाली उतरला तर शर्वरीनं त्याला परत वर ढकललं, “तू राहू दे, तुझ्या मुंडावळ्या सुटतील!” मालनकाकूंनी माझ्या हातात बर्फीचा तुकडा कोंबला आणि काहीतरी बोलल्या. त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. मी हो म्हटलं नाही, नुसती हसले.

आण्णा टोपी हातात धरून, गुडघ्यांची पर्वा न करता नाचत होते. उंबऱ्यात उभी राहून लेक त्यांना ओरडून काहीतरी सांगत होती, बहुतेक पुरे म्हणत होती. तेही पोचत नव्हतं. मग तिनं बाळ आईकडं दिलं, दोन्ही हात डोक्याच्या वर नेले आणि वडिलांकडं बघून टाळ्या वाजवायला लागली. आण्णांनी ते बघितलं आणि नाचता नाचता मधेच उभे राहिले.

मास्तरांनी तो सूर धरून ठेवला. आण्णा परत नाचायला लागेपर्यंत सोडला नाही.